केनियात शाळेत शिकवायला जाताय? मुलांसाठी हाताने भेटवस्तू करायच्या असतील तर हे वाचून जा

ओळखीतलं कोणी केनिया-टांझानियाच्या बाजूला शाळेत मदतीला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, मुलांसाठी काय नेऊ? आणि मग एक अख्खी बॅग खेळणी, पेन्सिली, चॉकलेटं, सॉफ्ट टॉय यांनी भरते. माझं उत्तर दरवेळी तेच असतं, जवळजवळ काहीच नेऊ नका, तिथे पोचल्यावर तिथल्याच सामानातून करा आणि जमेल तितकं मुलांना सोबत घेऊन करा. आपण भारतातून नेलेली बाहुली फाटली की संपली, पण मुलाने स्वतः शिवलेली बाहुली फाटली तर ती कशी शिवायची ते त्याला माहीत असतं, शिवाय कापड, दोरा, शिलाई सगळ्याचे पैसे त्याच गावात राहतात.

मी खाली जे लिहितेय ते केनियाच्या किनारपट्टीबद्दल आहे, मोंबासा, किलिफी, मालिंदी हा पट्टा, कारण मला तोच नीट माहीत आहे. वस्तू साध्या आहेत, मशीन येत नसेल तरी हाताने होतील.

सगळ्यात आधी कोणाला द्यायचं हे ठरवा, कारण इथेच बरेच जण भावनेच्या भरात जातात. "अनाथाश्रमात एक दिवस जाऊन भेटवस्तू वाटू" हा बेत प्लीज करू नका. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि नंतर २०२२ ते २०३२ असं दहा वर्षांचं धोरण आणलं, ज्याचा गाभा असा की मुलांना संस्थांमधून काढून आईवडील, आजी-आजोबा, काका-मावशी अशा घरच्या माणसांकडे परत न्यायचं. यामागचं कारण समजून घ्या. संस्थांमधल्या कितीतरी मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात, मुलं तिथे गरिबीमुळे आलेली असतात, आणि बाहेरचे पाहुणे येऊन वस्तू आणि देणग्या देत राहिले की मुलं संस्थेतच ठेवण्यात काही लोकांचा फायदा व्हायला लागतो. म्हणजे आपली बाहुली कितीही सुंदर असली तरी ती त्या चक्राला हातभार लावते. मुलं जिथे घरून चालत येतात आणि संध्याकाळी घरी जातात अशी गावातली शाळा, बालवाडी, चर्च किंवा मशिदीजवळचा मुलांचा वर्ग, अशा ठिकाणी करा. आणि वेळेचं बघा, तिथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन टर्म असतात, एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुट्टी असते, त्यामुळे आपल्या दिवाळीच्या रजेला जोडून गेलात तर शाळा बंद व्हायच्या बेतात असते.

आता सामान. भारतातून फक्त एवढं न्या: चांगली कात्री एक मोठी एक छोटी (चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको), वेगवेगळ्या नंबरच्या सुयांची पाकिटं, भरतकामाचा पक्क्या रंगाचा दोरा, मेजर टेप, टाचण्या, खडू. बस. सामान प्लास्टिकच्या कॅरी बॅगेत गुंडाळून नेऊ नका, केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि ती नावापुरती नाहीये, दंड ४० लाख शिलिंगपर्यंत किंवा ४ वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. कापडी पिशव्या न्या, त्या तिथे कामालाही येतात.

कापड तिथलंच घ्या. दोन ठिकाणी मिळतं. एक म्हणजे मितुंबा, म्हणजे बाहेरच्या देशांतून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे, प्रत्येक गावच्या बाजारात ढीग लागलेले असतात. त्यातले कॉटनचे टीशर्ट बाहुलीच्या अंगासाठी आणि आत भरायला एकदम मस्त, मोजे चेंडूसाठी. दुसरं म्हणजे कांगा. कांगा हे तिथल्या बायकांचं रोजचं वस्त्र, साधारण दीड मीटर बाय एक मीटर दहा सेंटीमीटर, चारी बाजूंनी काठ, मध्ये मोठी नक्षी आणि खाली एका ओळीत स्वाहिलीत एखादं वचन छापलेलं. दोन कांगा जोडीनेच विकतात. मोंबासात बियाशारा स्ट्रीटवर कांग्याची दुकानंच दुकानं आहेत आणि तिथे गेलात तर गुजराती बोलणारे दुकानदार भेटतील, हिंदीतही भाव करता येतो. पण एक गोष्ट नक्की करा, कापायच्या आधी कांग्यावर काय लिहिलंय ते तिथल्या एखाद्या बाईकडून वाचून घ्या. काही वचनं आशीर्वादाची असतात, आईच्या मायेची असतात, पण काही सरळ शेजारणीला किंवा सवतीला मारलेला टोमणा असतो, आणि तो एखाद्या सहा वर्षांच्या मुलीच्या दप्तरावर शिवून आपण तिला घरी पाठवलं तर तिच्या आईला काय वाटेल याचा विचार करा. बाजारात विचारलंत तर बायका हसत हसत सांगतात, उलट त्यातून ओळख होते.

कापड आणलं की आधी धुवा. नवीन कापड आटतं, रंग सोडतं. आणि मितुंब्याचे कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे, यात कंटाळा करायचा नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण हाताने केलेल्या खेळण्यात हेच राहून जातं. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी बटणाचे डोळे, मणी, टिकल्या, घुंगरू काही काही लावायचं नाही, डोळे-नाक दोऱ्यानेच भरायचे. लहान तुकडा घशात अडकेल का हे तपासायला खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलीमीटर व्यासाची नळी वापरतात, जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती लहान मुलाला धोक्याची. आपल्याकडे ती नळी नसते पण टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी असते, ती थोडी मोठी आहे, म्हणजे तिच्यात जे पूर्ण मावतं ते बाजूला ठेवलं की आपण सुरक्षित बाजूला राहतो. लांब दोऱ्या, नाड्या बाळांच्या खेळण्याला नकोत, वीतभराच्या वर तर नाहीच. घरातला उरलेला ऑइलपेंट खेळण्याला लावू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि मुलं सगळं तोंडात घालतात. फेविकॉलने चिकटवलेलं पहिल्या धुण्यात सुटतं, त्यामुळे चिकटवायचं नाही, शिवायचं. आणि वस्तू तयार झाली की हात, पाय, डोकं एकेक धरून जोरात ओढून बघा, अगदी जीव खाऊन, तुमच्या हातात निघत नाही तर मुलाच्या हातातही निघणार नाही.

सुरुवात चेंडूपासून करा. याला दोन कारणं, एक म्हणजे तिथे फुटबॉल हा प्राण आहे आणि दुसरं म्हणजे चेंडू करायला मुलांना तुमच्यापेक्षा जास्त येतं. चिंध्या, जुन्या पिशव्या, सुतळी यांचा चेंडू तिथली पोरं कधीपासून करत आलीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी ती शिकवतात आणि आपण शिकतो, वर्गात सगळं सोपं होऊन जातं. पद्धत अशी. एक टीशर्ट घट्ट गुंडाळून मुठीएवढा गोळा करायचा. दुसऱ्या टीशर्टच्या दोन बोटं रुंद लांब पट्ट्या कापायच्या, त्या ताणून ताणून गोळ्यावर गुंडाळत जायचं, दरवेळी दिशा बदलायची म्हणजे गोल राहतो. मध्ये मध्ये जमिनीवर टाकून बघायचं, एका बाजूला कलंडत असेल तर उरलेल्या बाजूला पट्टी जास्त द्यायची. साधारण मोठ्या मोसंबीच्या दुप्पट झाला की मोठ्या माणसाच्या मोज्यात घालायचा, मोजा पिळून उलटा परत त्याच्यावर ओढायचा, असं मोजा संपेपर्यंत, मग तोंड शिवून टाकायचं. वरून सिसलचा दोरा. सिसल म्हणजे आपलं घायपात, किलिफीजवळ विपिंगोला त्याचे मोठे मळे आहेत आणि दोरा सगळीकडे मिळतो. आधी वरून खाली उभे आठ फेरे, मग आडवे फेरे, आणि जिथे जिथे आडवा दोरा उभ्याला भेटतो तिथे गाठ. इथेच खरी कसोटी. मी एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बघितलंय, चेंडू दोन गुडघ्यांत दाबून धरला, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं आणि दुसरं दातात, आणि प्रत्येक गाठ मारायच्या आधी दोरा थुंकीने ओला करत होता, कारण ओला दोरा वाळला की आणखी आवळतो. कुठल्याही पुस्तकात हे मिळणार नाही. असा चेंडू महिनोन्महिने टिकतो आणि सुटला तर वरची जाळी परत बांधली की झालं.

बाहुलीला वेळ लागतो, घाई करू नका. साधारण फूटभर उंचीची ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर आधी आकार काढून कापून घ्या, डोकं आणि धड एकसलग, हात-पाय वेगळे, आणि मान जाड ठेवा कारण बारीक मान चार दिवसांत लुळी पडते. रंगाबद्दल मी आग्रही आहे. बाहुली त्या मुलीसारखी दिसली पाहिजे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाहुल्या गोऱ्या आणि सोनेरी केसांच्या असतात, आपण हाताने करतोय तर मग तीच चूक कशाला? मितुंब्यात तपकिरी रंगाच्या वेगवेगळ्या छटांचे टीशर्ट शोधा, गडद, मध्यम, लालसर, सगळ्या बाहुल्या एकाच छटेच्या नकोत. पांढऱ्या कापडाला चहाने रंगवायचं डोक्यात येईल, पण चहाने फिकट बदामी रंग येतो, गडद येत नाही, त्यापेक्षा रंगीत कापडच शोधा.

पुठ्ठ्याचा आकार कापडाच्या उलट्या बाजूवर खडूने काढा, बाहेरून एक सेंटीमीटर सोडून कापा, दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून बारीक बखिया घाला. साधा धावदोरा इथे चालत नाही, भरताना टाके उघडतात. कुशीत चार बोटं जागा उघडी ठेवा. मानेजवळ आणि जिथे वळण आहे तिथे मार्जिनला छोटे छोटे काप द्या, टाक्यापर्यंत न पोचता, नाहीतर उलटवल्यावर सुरकुत्या पडतात. उलटवा आणि भरा. भरायला टीशर्टच्या नखाएवढ्या चिंध्या किंवा शेवरीचा कापूस, किनारपट्टीवर गादी-उशीवाल्यांकडे मिळू शकतो. पेन्सिलच्या मागच्या बाजूने आधी डोकं ठासून भरायचं, मग मान, मग खाली, आणि तुम्हाला वाटेल आता पुरे त्यानंतर अजून तेवढंच भरायचं. हात-पाय दुहेरी दोऱ्याने, दोन-दोनदा फिरवून शिवायचे.

केसांना लोकर. तिथल्या कितीतरी शाळांमध्ये मुलींचे केस अगदी बारीक कापलेले असतात, तर काळ्या दोऱ्याच्या गाठींच्या टाक्यांनी सगळं डोकं भरलं की तसेच केस दिसतात, आणि सुट्टीतल्यासारख्या वेण्या हव्या असतील तर काळ्या लोकरीच्या बारीक वेण्या घालून डोक्यावर रांगेत ठेवून शिवून टाकायच्या. वेण्यांची रचना कशी असावी ते मुलींना विचारा, त्यांची मतं फार पक्की असतात आणि बरोबर असतात. कपडे शिवत बसू नका. कांग्याचा वीतभर रुंद तुकडा काठ दुमडून द्या, मुली स्वतःच तो बाहुलीला गुंडाळतात, आई नेसते तसा, आणि पाठीवर एका छोट्या तुकड्यात दुसरी छोटी बाहुली बांधतात.

मोठ्या मुलांना नाडीची पिशवी सगळ्यात उपयोगी पडते, वह्या ठेवायला, डबा ठेवायला. एका कांग्यातून ७० बाय ३० सेंटीमीटरचे ६ तुकडे निघतात, म्हणजे जोडीतून १२ पिशव्या. तुकडा मधून दुमडा, दोन्ही बाजू शिवा पण वरची सहा-सहा सेंटीमीटर उघडी सोडा, ती कड दुमडून नाडीसाठी नेफा करा, पाऊण मीटरच्या दोन नाड्या घ्या आणि एक डावीकडून एक उजवीकडून ओवा म्हणजे ओढल्यावर तोंड नीट बंद होतं. या सरळ शिलाया आहेत, तर पिशव्या जास्त करायच्या असतील तर गावातल्या फुंदीला काम द्या. फुंदी म्हणजे कारागीर, शिंप्यालाही तेच म्हणतात, पायाच्या मशीनवर व्हरांड्यात बसलेला असतो किंवा बसलेली असते. मजुरी आधी ठरवा आणि "मुलांसाठी आहे म्हणून कमी घ्या" असं म्हणू नका, त्यालाही मुलं आहेत.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू, बाओ. हा तिथला जुना खेळ, चार ओळी, प्रत्येकीत आठ खड्डे, ६४ बिया, आणि किनाऱ्यावर म्हातारी माणसं संध्याकाळी तासनतास खेळत बसलेली दिसतात. आणि बिया कसल्या माहितीये? सागरगोटे! आपल्याकडे मुली ज्या करड्या गुळगुळीत सागरगोट्यांनी खेळायच्या तेच, तिथे त्यांना कोम्वे म्हणतात. पूर्ण बाओचे नियम अवघड आहेत, लहान मुलांसाठी दोन ओळींचा सोपा खेळ करा. सराव करायला ३० अंड्यांच्या ट्रेमधून सहा-सहाच्या दोन ओळी कापल्या की पट तयार. टिकाऊ करायचा तर कापडाचा करा: ७५ बाय ३० सेंटीमीटरचे दोन-तीन थर एकावर एक, वर वेगळ्या रंगाच्या कापडाची वाटीच्या तोंडाएवढी १२ वर्तुळं सहा-सहाच्या दोन ओळींत शिवायची, आणि सगळीकडून गोधडीला घालतो तसा धावदोरा. गुंडाळून पिशवीत जातो. प्रत्येक वर्तुळात ४ बिया, एकूण ४८. आपल्या बाजूच्या एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं, पुढचे नियम गावागावात बदलतात, तिथल्या आजोबांना वर्गात बोलवा, ते येतात आणि आनंदाने शिकवतात. सागरगोटे मात्र त्या पुठ्ठ्याच्या नळीत सहज मावतात, म्हणजे घरात रांगतं बाळ असेल तर हा खेळ मोठ्यांच्या नजरेखालीच.

बालवाडीसाठी कापडी पुस्तक करता येतं, वीतभर चौकोनी पानं, प्रत्येक पानावर आंबा, नारळ, मासा, होडी अशी कापडाची चित्रं आणि खाली आकडा. शब्द स्वाहिलीत भरा पण आधी शिक्षकांकडून कागदावर लिहून घ्या, कारण स्वाहिलीत आकडा वस्तूप्रमाणे बदलतो, नुसतं मोजताना दोन म्हणजे म्बिली, पण दोन आंबे म्हटलं की माएम्बे मावीली. डिक्शनरी बघून लिहिलंत तर चुकीचं पुस्तक वर्षानुवर्षं वर्गात राहतं.

वयात आलेल्या मुलींसाठी धुऊन वापरायचे कापडी पॅड करावेत का, असं बऱ्याच जणी विचारतात. केनियात २०१७ मध्ये कायदा झालाय की शाळेतल्या मुलींना सरकारने मोफत पॅड द्यायचे, त्यामुळे आधी बाईंना विचारा की शाळेत ते पोचतात का. कापडी पॅड तेव्हाच उपयोगी जेव्हा मुलीकडे धुवायला पुरेसं पाणी आणि उन्हात वाळत घालायला जागा असते, लाजेने अंधाऱ्या कोपऱ्यात दमट वाळवलेले पॅड त्रासच देतात. पाणी-जागा असेल तर बाईंच्या सोबतीने मुलींनाच शिकवा, आणि पुरुष व्हॉलंटियर असाल तर हे काम पूर्णपणे तिथल्या बायकांवर सोपवा.

वाटप. हा शब्दच मला नको वाटतो पण वेळ येतेच. रांग लावून, एकेकाला पुढे बोलवून, आपण मध्ये उभं राहून फोटो, हे करू नका. वर्ग मोठे असतात, सगळ्यांना पुरतील एवढ्या बाहुल्या होणार नसतील तर एकालाही घरी देऊ नका, सगळ्या वस्तू वर्गाच्या म्हणून एका पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि मधल्या सुट्टीत मुलांनी काढून खेळायचं. पुरतील एवढ्या असतील तर शिक्षकांच्या किंवा पालकांच्या हातून जाऊ द्या. आईच्या हातून मिळालेली बाहुली ही आईने दिलेली असते, आणि ते तसंच असायला हवं. मुलांचे चेहरे, शाळेचं नाव, गणवेश दिसेल असे फोटो इन्स्टावर टाकू नका. फोटो हवाच असेल तर पालकांना विचारून, आणि हातांचा, शिवणाऱ्या बोटांचा काढा.

पावसाचंही लक्षात ठेवा, मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, त्या काळात चिंध्या भरलेली वस्तू ओली राहिली तर आत बुरशी धरते. म्हणून पावसात बाहुल्या भरू नका, तेव्हा पिशव्या आणि बाओचे पट करा, बाहुल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत.

निघायच्या आठवड्यात पुठ्ठ्याचे सगळे आकार एका मोठ्या पाकिटात घालून त्यावर मापं लिहा आणि हेडटीचरकडे द्या. कात्र्या, उरलेल्या सुया, दोरा शाळेतच ठेवा, सुया मोजून, झाकणाच्या डब्यात, मोठ्यांच्या कपाटात. फुंदीचा फोन नंबर त्याला विचारून त्याच पाकिटावर लिहून ठेवा. आणि वर्गातली जी दोन-तीन मुलं सगळ्यात चांगली शिवतात त्यांना शेवटचे दोन दिवस बाकीच्यांना शिकवू द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसून फक्त सुईत दोरा ओवून द्या.